बिअरच्या कारखान्याचं शेवटचं तबक

आमच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, फक्त तिचं नाव घ्यायचं नसतं. लहानपणी मला वाटायचं, जगात दोनच प्रकारची माणसं असतात, एक दारू पिणारी आणि दुसरी आमच्या घरी येणारी. बाबा शाळेत शिक्षक होते आणि दारूबंदीच्या समितीत होते. वस्तीत कुणी चोरून भट्टी लावली की आई चार बायका जमवून तिथे जायची आणि दारात उभी राहून थाळी वाजवायची. त्या थाळीला जागोजागी पोचे आले होते. तिच्यात आम्हाला कधी जेवायला वाढलं नाही. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, पुढच्या वेळेसाठी.

अशा घरातली मी. आणि मनापासून आवडलेलं काम मी आयुष्यात एकच केलं, ते पेनसिल्व्हेनियातल्या एका बिअरच्या कारखान्यात.

लग्न होऊन मी स्टेट कॉलेज नावाच्या तिथल्या विद्यापीठाच्या गावी आले ते २००२ साली. नवरा पीएच.डी. करत होता, धातूंवर कसले तरी प्रयोग. माझा व्हिसा ‘डिपेंडंट’चा, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा, आणि अशा बायकोनं पगार घ्यायचा नाही असा नियम. मी इतिहासाची एम.ए., ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी. इथे मी नवऱ्याचा डबा भरायचे, शनिवारी त्याच्या मित्रांना वरणभात आणि भरली वांगी वाढायचे, आणि दुपारी कॅम्पसच्या बसमध्ये बसून एक पूर्ण फेरी मारून परत घरी यायचे. कुठे जायचं नसायचंच. एक दिवस ड्रायव्हरनं ओळखीचं हसून मान हलवली. मला इतकी लाज वाटली की मी त्या बसमध्ये बसणंच सोडून दिलं.

मग वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना दिसली. जवळच्या गावातल्या जुन्या ब्रुअरीला शंभर वर्षं होणार आहेत, तिचा छोटासा इतिहास लिहायचा आहे, कुणी मदत करेल का, पैसे देता येणार नाहीत. पैसे देता येणार नाहीत, हे वाचून आनंद झालेली त्या भागात मी एकटीच असेन.

गावाकडे जाणारी बस जिथे संपायची, तिथून थोडं चालत गेलं की टेकडीच्या पायथ्याशी लाल विटांची ती इमारत होती. दारूचा कारखाना म्हणजे आंबट घाण वास, अशी माझी समजूत. पण आत शिरल्याबरोबर आला तो घरी सातूचं पीठ करताना येतो तसा, धान्य भाजल्याचा वास. मी दारातच थांबले. मला वाटलं आपण चुकीच्या जागी आलो.

मालक सत्तरीच्या पुढचे होते. उंच, पँटला दोन्ही खांद्यांवरून पट्टे, बाटल्यांच्या यंत्राजवळ उभं राहून राहून एक कान गेलेला. त्यामुळे ते सगळ्यांशी भांडल्यासारखं बोलत. “मला नावानंच हाक मार,” ते पहिल्याच दिवशी ओरडले. आजोबांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारणं मला जमेना. मग मी त्यांना कशानंच हाक मारली नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचे. हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कधी कधी मुद्दाम वर बघायचे नाहीत.

कागद होतेच, पण कारखान्याचा खरा इतिहास होता तळघराच्या जिन्यात. टेकडी पोखरून केलेल्या त्या थंडगार तळघरात पूर्वी बिअरची पिंपं मुरत ठेवत. तिकडे उतरताना दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पत्र्याचे गोल ट्रे लावलेले होते. पत्र्यावर रंगीत छपाई, मधोमध एका बाईचं चित्र, कडेनं कारखान्याचं नाव. मला ती हळदीकुंकवाची तबकंच वाटली. मी त्यांना तबक म्हणू लागले आणि थोड्याच दिवसांत मालकही म्हणू लागले. त्यांच्या तोंडी ते ‘टबॅक’ व्हायचं.

पूर्वी अशी तबकं कारखाने गुत्त्यांना फुकट वाटत. वाढणारा दिवसभर टेबलाटेबलांवरून ती फिरवणार, म्हणजे जाहिरात आपोआप झाली. मोठे कारखाने छापणाऱ्याकडच्या तयार चित्रांतून एखादी गोबऱ्या गालांची सुंदरी निवडत. तीच सुंदरी शेजारच्या गावात दुसऱ्याच बिअरची जाहिरात करत असे. मालकांच्या आजोबांना हे पसंत नव्हतं. ते जर्मनीहून आलेले आणि भलतेच हट्टी. ज्या बाईनं कधी आपल्या पिंपाला हात लावला नाही तिचं चित्र माझ्या बिअरवर कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बायकोला विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी तिला न सांगता तिचंच चित्र छापून आणलं आणि कामगारांच्या जेवणात सगळ्यांसमोर कापड ओढून दाखवलं. तिनं ते तबक उचलून त्यांना फेकून मारलं. जिन्यात सगळ्यात वर ते लावलेलं होतं. काठाला चांगला खोल पोचा होता.

तेव्हापासून ती घराची रीतच झाली. अधूनमधून नवं तबक निघायचं. त्यावर कारखान्यात राबलेलीच बाई असायची आणि तिला आधी काही सांगायचं नाही. जेवणात कापड ओढायचं. मुलीचं तबक निघालं, सुनेचं निघालं. मग अमेरिकेत देशभर दारूबंदी आली, तेव्हा कारखाना आल्याचं सरबत बाटल्यांत भरून विकत असे. त्या तबकावर घरातलीच एक चुलतबहीण सरबताचा ग्लास घेऊन उभी होती, चेहरा असा की कुणीतरी तिला फसवलंय. एका तबकावर बाटल्या धुणारी बाई होती, तिचे हात चित्रकारानं चेहऱ्यापेक्षा मन लावून काढलेले. शेवटचं तबक मालकांच्या बायकोचं, डोक्यावर उंच फुगवलेल्या केसांचं. ती गेल्यावर मालकांनी नवं तबक काढलं नव्हतं.

दारूबंदीची गोष्ट ते पुराणातली असल्यासारखी सांगू लागले तेव्हा मी म्हटलं, “आमच्याकडे अजून आहे.” त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग मी त्यांना वर्ध्याच्या सगळ्या युक्त्या सांगितल्या, दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या टोपलीखालून, रुग्णवाहिकेतून. ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. “आमच्या इथे शवपेटीतून आणायचे,” ते डोळे पुसत म्हणाले. आईची थाळी मात्र मी सांगितली नाही. का नाही सांगितली? मला वाटतं, मला त्या दाराच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं होतं आणि कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

कारण घरीही मी सांगितलं नव्हतं. वर्ध्याला फोनवर मी म्हणायचे, “एका म्युझियमचं काम करून राहिली आहे.” बाबा खूश. इथल्या मराठी मंडळींमध्ये सगळ्यांत वडीलधाऱ्या एक काकू होत्या. त्यांच्या घरी गणपती बसायचा, आणि नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या थंडीत कोट त्याच द्यायच्या. त्यांना मी सांगितलं होतं, लोकल हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे. हे शब्द खोटे नव्हते. मी फक्त त्यांतून वास काढून घेतला होता.

रविवारी तबकं जमवणारे लोक यायचे. ही माणसं चेहरा बघतच नाहीत. तबक हातात घेतलं की आधी उलटं करतात, मागचा छापणाऱ्याचा शिक्का बघतात, काठावरून बोट फिरवतात आणि मग नाइलाजानं सुलटं करतात. मला त्यांचा राग यायचा. मी त्या बायकांची नावं, नाती, स्वभाव शोधून काढले होते. पुस्तिकेत मी त्या रीतीवर एक पान भरून लिहिलं. पहिल्या बाईचा राग तबकाच्या काठावर राहून गेला, असं काहीतरी लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर फार खूश होते. न सांगता सन्मान करण्याची सुंदर प्रथा, असेही शब्द होते. तेही माझेच.

त्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ केला. काकूंकडे हळदीकुंकू होतं म्हणून काळी चंद्रकळा नेसलेले, ठसठशीत कुंकू, मंगळसूत्र, केसांत कुठली फुलं मिळणार तिथे, पण अंबाडा घातलेला. जाताना वाटेत उतरून मालकांनाही द्यावा असं मनात आलं. कारखान्यात ताटली सापडेना. मालकांनीच कपाटातून एक जुनं तबक काढून दिलं. त्यात लाडू मांडून मी ते सगळ्यांसमोर फिरवलं. गोड बोलायचं असतं आज, असं सांगितल्यावर मालक ओरडले, “मग उद्यापर्यंत मी काही बोलत नाही.” तबक हातात घेऊन तळघराच्या दारात मला उभं करून त्यांनी फोटो काढला. ऑफिसातल्या बोर्डावर लावायला, म्हणाले. मी छान हसले. मला ठाऊक होतं मी बरी दिसतेय.

२००५च्या शरदात शंभर वर्षांचं जेवण झालं. बाटल्या भरायच्या दालनात लांब टेबलं, कामगार, त्यांची कुटुंबं, गावातले लोक. माझ्यासाठी बटाट्याचं सॅलड वेगळं काढून त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली. नवराही आला होता. मालक उभे राहिले, माझ्या पुस्तिकेतलं ते पान मोठ्यानं वाचलं, आणि टेबलावरचं कापड ओढलं.

तबकावर मी होते. काळी चंद्रकळा, कुंकू, मंगळसूत्राची वाटीसुद्धा नीट काढलेली. मागे तळघराचं दार, टेकडी. चित्रकार चांगला होता, माझं हसू अगदी माझं होतं. आणि माझ्या हातातल्या तबकात लाडू नव्हते. फेसाळलेले बिअरचे ग्लास होते.

टाळ्या सुरू झाल्या. माणसं उभी राहिली. मालक रडत होते आणि रडतानाही ओरडत होते, “टबॅक! टबॅक!” मी हसले. मी ते हातात घेतलं, फोटोला उभी राहिले, गावच्या पेपरवाल्यालाही फोटो काढू दिला, ॲपल पाय खाल्ला. पहिल्या बाईनं केलं ते करायची माझ्यात ताकद नव्हती. तिनं निदान सगळ्यांसमोर फेकून मारलं होतं.

परत येताना गाडीत नवरा खुशीत होता. “यार, भारी आहे! फ्रेम करू. काकूंना दाखवू.”

“तुझ्या आईला पाठव ना मग,” मी म्हटलं.

त्यानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “कमॉन, इट्स अ काँप्लिमेंट. त्यांना काय माहीत आपल्याकडचं.”

“त्यांनी मला विचारलं नाही.”

“तूच तर लिहिलंयस ना, विचारत नाहीत म्हणून.”

ते खरं होतं, म्हणून मी त्याच्यावर चिडले. घरी पोचेपर्यंत चिडले होते. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, कुठल्या तरी बारमध्ये कुणीतरी ओला ग्लास माझ्या चेहऱ्यावर ठेवतोय, कुंकवावर पाण्याचं गोल उमटतंय. आणि कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी मित्र ते तबक गंमत म्हणून वर्ध्याला घेऊन जातोय. आमच्या स्वयंपाकघरात आईच्या थाळीशेजारी ते टेकवलेलं मला दिसलं. आईबाबा ओरडणाऱ्यांतले नव्हते. बाबांनी फक्त चष्मा काढून ठेवला असता. तेवढंही मला सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले. ऑफिसबाहेर तबकांची खोकी रचलेली होती, छापून आलेली, बाजारात जायला तयार. मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले. या वेळी त्यांनी लगेच वर बघितलं.

मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. माझे आईवडील आहेत, ते असे असे आहेत, मी त्यांच्याशी खोटं बोलले आहे. त्यांना कळलं असतं. दारूबंदीतून गेलेलं घर ते. पण हे सांगायची मला लाज वाटली. त्याऐवजी मी म्हटलं, आमच्या धर्माचा हा अपमान आहे. कुंकू लावलेल्या बाईच्या हातात दारू देणं म्हणजे आमच्या देवीची विटंबना आहे. तुम्हा लोकांना दुसऱ्यांचं काही समजतच नाही. हे सगळं मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभं राहून बोलले, म्हणजे शब्द चुकायला नकोत. मी कधी मंगळवारचा उपास केला नव्हता आणि त्या सकाळी मी सगळ्या धर्माची वकील झाले होते.

ते ऐकत राहिले. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “ग्लास चित्रकारानं घातले. मी बघायला हवं होतं. ते काढून तुझे गोळे परत घालू या. मग चालेल?”

इथे मला थांबता आलं असतं. त्यांनी विचारलं नव्हतं ही त्यांची चूक होती आणि ती मी आजही चूकच म्हणते. पण आता ते विचारत होते. तिळगुळाचं तबक घेतलेली मी, त्यात वर्ध्याला लाजण्यासारखं काय होतं? तरी कारखान्याचं नाव कडेनं असणारच होतं. मी म्हटलं, “नाही. माझा चेहराच नको.”

त्यांनी मान हलवली. “माझी आजी नाही म्हणाली तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही,” ते म्हणाले. “आम्ही शंभर वर्षं त्यावर हसलो. तुझं ऐकतो.” आणि उठून त्यांनी खोकी स्वतः आत नेऊन ठेवायला सुरुवात केली. मी मदत करायला पुढे झाले तर नको म्हणाले. फक्त जेवणात मला दिलेलं तबक माझ्यापाशी राहिलं. ते परत मागायचं त्यांना सुचलं नाही, की मागवलं नाही, कोण जाणे.

त्यानंतर मी तिथे गेले नाही. पुस्तिका झाली होती, काम संपलं होतं, हे कारण पुरेसं होतं. त्यांचे फोन यायचे. नंबर बघून मी उचलायचे नाही आणि मशीनवर त्यांचा आवाज खोलीभर ओरडायचा. जानेवारीत एकदा म्हणाले, “त्या तिळाच्या गोळ्यांची वेळ झाली ना? इथे सगळे विचारतायत.” मी सोफ्यावर बसून ते पूर्ण ऐकलं आणि पुसून टाकलं. त्या वर्षी मी तिळगूळ केलाच नाही. काकूंना सांगितलं, तीळ मिळाले नाहीत.

नवऱ्याची पीएच.डी. झाली, जर्सी सिटीत नोकरी लागली. निघण्यापूर्वी काकूंनी जेवायला बोलावलं. पुरणपोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “त्या ब्रुअरीतल्या म्हाताऱ्यांना भेटून आलीस का गं?”

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले.

“अगं, तेव्हा पेपरात फोटो आला होता ना तुझा. तो ट्रे घेऊन. किती गोड दिसत होतीस त्यावर चंद्रकळेत! मी कापून ठेवलाय. मंडळाच्या अंकात घालणार होते, पण तू एका शब्दानं बोलली नाहीस. म्हटलं हिला आवडत नसेल मिरवायला.”

“काकू, त्यात बिअरचे ग्लास होते,” मी म्हटलं.

“हो मग? बिअरच्या कारखान्यात काय मसाला दूध असणार?” काकू म्हणाल्या आणि माझ्या पोळीवर तूप घातलं.

मला तिथे, त्या ताटावर, मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या भीतीनं मी हे केलं असं स्वतःला सांगत होते, त्यातल्या निम्म्या माणसांनी बघून झालं होतं आणि त्यांना मी गोड दिसले होते. बाबांना काय वाटलं असतं ते मला आजही माहीत नाही. मी त्यांनाही विचारलं नाहीच. दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक भरला. कारखाना वाटेवर नव्हता, पण लांबही नव्हता. नवऱ्यानं वळणापाशी गाडी हळू केली. मी सरळ बघत राहिले.

२००८च्या शरदात नवऱ्याच्या गाइडच्या निवृत्तीचा समारंभ होता, म्हणून आम्ही स्टेट कॉलेजला गेलो. परतीच्या वाटेवर एका गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची जत्रा भरली होती. नवऱ्याला तिथली कॉफी प्यायची होती. आत शिरताच एका टेबलावर मला पहिल्या बाईचं तबक दिसलं, पोच्यासकट. त्याच्यामागे बाकीच्या सगळ्या जणी ओळीनं उभ्या होत्या. जिन्याच्या भिंती कुणीतरी उतरवून टेबलावर आणल्या होत्या.

टेबलामागे एक जाडजूड, आनंदी माणूस होता. म्हातारा गेल्या हिवाळ्यात गेला, त्यानं सांगितलं. मुलगा दूर असतो, त्यानं कारखाना विकला, सामान लिलावात काढलं. तो खूप बोलत होता. मी त्याला हवं तेवढं बोलू दिलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला आधी आला तो राग, की मला कुणी कळवलं नाही. मला कोण कळवणार होतं?

“हे बघा, यातलं सगळ्यात विचित्र,” तो म्हणाला आणि त्यानं शेवटचं तबक पुढे केलं. “शंभर वर्षांचं. मी जवळचं विकतो सगळं, हे विकणार नाही.”

मी ते हातात घेतलं. टेकडी तीच होती. तळघराचं दार तेच, पण अर्धवट उघडं, आणि दारात कुणी नव्हतं. दाराजवळ एक स्टूल होतं. स्टुलावर तबक, तबकात छोटे छोटे गोल लाडू. ग्लास कुठेही नव्हते. चित्रकारानं प्रत्येक लाडवावर तीळ टिंब टिंब करून काढले होते.

“या घराच्या प्रत्येक ट्रेवर बाई असते,” तो सांगू लागला. जणू मला माहीत नव्हतं. जणू हे वाक्य मी लिहिलं नव्हतं. “आणि शेवटच्यावर कुणीच नाही. लोक म्हणतात, आधी बाई असलेला छापला होता आणि म्हाताऱ्यानं सगळे भंगारात घातले. मला नाही खरं वाटत. एक तरी कुणाला सापडला असता ना?”

तो एक जर्सी सिटीत आमच्या कपाटात, कुकरच्या खोक्यामागे, त्याच काळ्या चंद्रकळेत गुंडाळून ठेवलेला होता.

“त्यांना विचारलं नाही कुणी?” मी विचारलं.

“विचारलं तर! मीच कितीदा विचारलं. बाई कुठे आहे म्हटलं की तो ओरडायचा, ती जरा आत गेलीय, येईल आत्ता.” तो हसला. “शेवटपर्यंत तेच. येईल आत्ता. आणि हे स्टुलावर काय आहे त्यावर आमच्यात वाद आहेत. कुणी म्हणतं अक्रोड, कुणी म्हणतं मांसाचे गोळे.”

“तिळाचे लाडू आहेत,” मी म्हणाले.

त्यानं चटकन माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत एकदम चमक आली. “तुम्हाला कसं माहीत?”

नवरा कॉफीचे दोन कप घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानं तबक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो वाट बघत राहिला. त्या माणसानंही तोंड उघडं ठेवलं होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. एवढी वर्षं कुणीतरी माझ्या वतीनं दार अर्धं उघडं ठेवलं होतं आणि मला फक्त त्या दारातून बाहेर यायचं होतं.

“आमच्याकडे करतात,” मी म्हणाले आणि तबक टेबलावर उलटं ठेवलं.